रेकॉर्ड की डिजिटल? आधी आवाज जुळवा, मग कान लावा

कोल्हापुरात दोन रेकॉर्डप्रेमी एकत्र आले की एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड) चांगली की डिजिटल (सीडी किंवा फाइल), हा वाद निघतोच. वाद जरूर घालावा. पण तो मिटवायला जी तुलना केली जाते, ती बहुतेक वेळा तुलना नसतेच. टर्नटेबल एका आवाजावर वाजतो, फोन किंवा सीडी दुसऱ्याच आवाजावर, आणि जे मोठं वाजतं ते जिंकतं. त्यातही एकजण रात्री अकरा वाजता दबक्या आवाजात ऐकून मत बनवतो, दुसरा रविवारी दुपारी भिंती हलतील इतक्या आवाजात. दोघांची मतं वेगळी येतात आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात, कारण व्हॉल्यूम बदलला की निकालही बदलतो. म्हणून ही तुलना हळू, मध्यम आणि मोठ्या अशा तीन आवाजांवर, दोन्ही बाजू नीट जुळवून करायची. ती घरच्या घरी कशी करायची, ते इथे सविस्तर सांगतो.

कान प्रत्येक आवाजाला वेगळा वागतो

१९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी माणसाच्या कानाला वेगवेगळे सूर किती मोठे वाटतात हे मोजून आलेख मांडले. त्यांची सुधारलेली रूपं आज आयएसओ २२६ या मानकात आहेत. समजा १००० हर्ट्झचा सूर ४० डीबीवर (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाजतोय. १०० हर्ट्झचा खर्जातला सूर तेवढाच मोठा वाटायला हवा असेल, तर त्याला २० डीबीहून जास्त जादा जोर द्यावा लागतो. तोच १००० हर्ट्झचा सूर ८० डीबीवर नेला, तर हा फरक साधारण १२-१३ डीबीवर येतो. म्हणजे व्हॉल्यूम कमी केला की सगळं गाणं सारख्या प्रमाणात लहान होत नाही. डग्ग्याचा घुमारा आधी विरतो, अगदी वरची झळाळी त्याच्या मागोमाग जाते आणि गायकाचा मधला आवाज तेवढा समोर उरतो.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. दोन आवाजांत अर्ध्या-एक डीबीचा फरक असला तर तो आपल्याला ‘मोठा’ म्हणून कळत नाही. तो ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ असा वाटतो. फोनो प्रीअँपमधून (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) येणारा एलपीचा आवाज सहसा मंद असतो. सीडी प्लेअर मात्र पूर्ण जोरात दोन व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. नुसता बटण फिरवून स्रोत बदलला तर डिजिटल कितीतरी मोठं वाजणार. मग कुणीतरी एलपीसाठी अंदाजाने व्हॉल्यूम वाढवतो, थोडा जास्तच वाढवतो, आणि ‘बघ, रेकॉर्डमध्ये काय जान आहे’ असं म्हणतो.

तिसरी गोष्ट खरखरीची. चांगल्या एलपीत सर्वांत मोठा आवाज आणि पृष्ठभागाची सरसर यांत साधारण ५५ ते ७० डीबीचं अंतर असतं. सीडीत हे अंतर सुमारे ९६ डीबी. कागदावर हा फरक प्रचंड आहे. पण खोलीतला पंखा आणि रस्त्यावरची रिक्षा मिळून ४० डीबीचा गोंगाट असेल आणि तुमचं गाणं सर्वांत मोठ्या क्षणी ७५ डीबीला पोचत असेल, तर ६० डीबी खाली असलेली सरसर १५ डीबीवर राहते आणि पंख्याखाली गाडली जाते. तेच गाणं ९५ डीबीच्या शिखरांपर्यंत चढवा, सरसर ३५ वर येते. पंखा बंद असेल तर ती ऐकू येऊ लागते. सरसर आणि गाणं यांचं एकमेकांशी प्रमाण बदललेलं नसतं, बदलतं ते खोलीशी असलेलं नातं. ओरखड्याची टकटक मात्र या हिशोबात बसत नाही. ती क्षणभराची पण मोठी असते, त्यामुळे ती कोणत्याही व्हॉल्यूमला ऐकू येते.

एकच ध्वनिमुद्रण दोन्हीकडे मिळवा

एलपी एका मैफलीची आणि डिजिटल फाइल दुसऱ्या मैफलीची, असं चालणार नाही हे उघड आहे. पण मुद्रण एकच असूनही मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात ती अंतिम आवृत्ती, वेगळं असू शकतं, आणि खरी मेख तिथे आहे. जुन्या मुद्रणांच्या डिजिटल आवृत्त्या काढताना काही वेळा खरखर घालवण्याचा अतिरेक होतो. खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकार) आणि खोलीची हवाही जाते. काही वेळा मृदू आणि जोरकस यांतलं अंतर दाबून सगळंच मोठं केलेलं असतं. अशी फाइल एलपीशी लावली तर तुम्ही माध्यमांची नव्हे, दोन इंजिनिअरांच्या निवडींची तुलना करता. एवढं लक्षात ठेवून ती करायला हरकत नाही, पण ‘डिजिटल बेजान असतं’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कोल्हापूरकराने या कामासाठी जयपूर-अत्रौली घराण्याची एलपी निवडावी, असं मला मनापासून वाटतं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी इथे राहिले, इथेच ही गायकी वाढली. खाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं नाही, त्यामुळे ते आपल्यापर्यंत पोचलं आहे ते शिष्यपरंपरेच्या तबकड्यांतूनच. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा किशोरी आमोणकर यांच्या ख्यालाची एलपी घ्या. विलंबितात तानपुरा उघडा ऐकू येतो, तबल्याचा ठेका स्थिर असतो, आणि गाणं शांत आलापापासून जोरकस तानांपर्यंत चढत जातं. तीन व्हॉल्यूमच्या कसोटीला याहून चांगला माल नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची सुरुवातीची मुद्रणं मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत. त्या तबकड्यांना एलपीची सुई चालत नाही, कितीतरी जाड सुई लागते, आणि त्यांचं इक्वलायझेशनही (खर्ज आणि वरच्या सुरांचा समतोल) वेगळं असतं. त्या या प्रयोगात आणू नका. भावगीत ऐकणाऱ्यांनी याच शहरात १९१९ साली जन्मलेल्या सुधीर फडक्यांची एलपी घ्यावी. शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ तपासायला ती फार उपयोगी पडते.

स्वतःच्या एलपीची डिजिटल प्रत करा

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. फोनो प्रीअँपचा आउटपुट एखाद्या साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून कॉम्प्युटरला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एलपीची एक बाजू २४ बिटवर रेकॉर्ड करा. सर्वांत मोठा क्षण शून्याच्या, म्हणजे डिजिटलच्या कमाल पातळीच्या, सहा-सात डीबी खाली राहील एवढीच पातळी ठेवा. या वेळी स्पीकर पूर्ण बंद असू द्या, कारण पुढे कळेल. खरखर काढू नका, काहीही सुधारू नका.

आता तुमच्याकडे तीन गोष्टी झाल्या: एलपी, एलपीची हुबेहूब डिजिटल प्रत आणि कंपनीची डिजिटल आवृत्ती. एलपी आणि तिची प्रत यांत फरक ऐकू आला तर तो माध्यमाचा किंवा तुमच्या जोडणीचा. प्रत आणि कंपनीची आवृत्ती यांतला फरक हा मास्टरचा, कार्ट्रिजचा (सुई बसवलेला भाग) आणि तबकडीच्या स्वभावाचा. नीट केलेली प्रत मूळ एलपीपासून ओळखणं फार अवघड असतं. एलपीची जी ऊब आपण म्हणतो ती डिजिटल प्रतीतही तशीच उतरते. एकदा हे स्वतःच्या कानांनी ऐकलं की माणूस वाद वेगळ्या तऱ्हेने घालू लागतो.

टर्नटेबल आधी धड करा

स्पिरिट लेव्हल ठेवून प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) सपाट करा. सुई मऊ ब्रशने मागून पुढे साफ करा. सुईचा भार कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितला असेल तेवढाच ठेवा. ऑर्टोफॉन २एम रेडला तो १.८ ग्रॅम आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम. मोजायला गुजरीत सराफांकडे असतो तसा, पण लहान, ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. त्याचं पारडं लोखंडी नसावं. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतं, ते लोखंडाला ओढतं आणि आकडा चुकतो.

वेग तपासा. एलपी ३३⅓ ऐवजी एक टक्का जलद फिरली तर पट्टी सुमारे १७ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) चढते. एवढ्याने गाणं बेसूर वाटत नाही, ‘जास्त तरतरीत’ वाटतं, आणि तुलना तिथेच बिघडते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर १८० रेषांची स्ट्रोब चकती (वेग तपासायची रेघांची चकती) जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा ट्यूबलाइटखाली फिरवा. रेषा जागेवर उभ्या दिसल्या की वेग बरोबर. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही, कारण ते लुकलुकतच नाहीत.

जागेचं महत्त्व आपल्याकडे विशेष आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असते. माणूस चालला की सुई हलते आणि स्पीकरचा खर्जही त्याच फळ्यांतून टर्नटेबलपर्यंत पोचतो. अशा घरात टर्नटेबल दगडी किंवा विटांच्या भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा, स्पीकरच्या टेबलावर कधीच नको. पावसाळ्यात आपल्या हवेत तबकड्यांवर बुरशी धरते. डिस्टिल्ड पाण्यात द्रव साबणाचा थेंब टाकून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय सुई ठेवू नका. ७८ च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

आवाज जुळवा

अँप्लिफायरवरचं लाउडनेसचं (हळू आवाजात खर्ज वाढवणारं) बटण बंद करा. बास आणि ट्रेबल मधोमध आणा. फोनवरून डिजिटल वाजवत असाल तर अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम आपोआप समान करण्याचं सेटिंग आणि इक्वलायझर दोन्ही बंद करा. ब्लूटूथ नको, तारेने जोडा.

जुळवणीचा नियम एकच आहे: अँपचा व्हॉल्यूम एलपीसाठी ठरवायचा आणि डिजिटल बाजू खाली आणून त्याला मिळवायची. डिजिटल मूळचं मोठं असतं, त्यामुळे सॉफ्टवेअरमधून ते दहा-बारा डीबी उतरवलं तरी २४ बिटच्या आउटपुटमध्ये ऐकू येईल असं काही हरवत नाही.

मोजायचे दोन मार्ग आहेत. तुमच्याकडे १००० हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड असेल तर तो सूर एलपीवरून रेकॉर्ड करून घ्या. मग एलपी आणि प्रत आलटून पालटून वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एक टक्क्याचा फरक म्हणजे ०.१ डीबीहून कमी, त्याच्या आत आणा. मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर अँप जाईल.

टेस्ट रेकॉर्ड नसेल तर फोन पुरतो. आयफोनवर अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेचं साउंड लेव्हल मीटर मोफत मिळतं. अँड्रॉइडवरची अ‍ॅप्स खऱ्या आकड्यापासून काही डीबी इकडेतिकडे असू शकतात, पण दोन स्रोत जुळवायला खरा आकडा लागत नाही, फक्त फरक लागतो. फोन तुमच्या डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर स्टँडला लावा. मीटर सी वेटिंगवर ठेवा (वेटिंग म्हणजे मीटर कोणत्या सुरांना किती वजन देतो ते), कारण ए वेटिंग १०० हर्ट्झला १९ डीबीने कापतं आणि खर्जातला फरक लपवतं. विलंबितातला तोच तीस सेकंदांचा तुकडा दोन्हीकडून वाजवून सरासरी घ्या. पंखा बंद, खिडक्या बंद. अर्ध्या डीबीच्या आत आलात की पुढे जा.

प्रत आणि कंपनीची फाइल यांची तुलना करताना तर हे काम कॉम्प्युटरच करतो. ऑडॅसिटीतल्या लाउडनेस नॉर्मलायझेशनने दोन्ही फाइली −२३ एलयूएफएसवर (कानाला वाटणाऱ्या मोठेपणाचं माप) आणा. फार वेगळ्या मास्टरांना मिळवायला हा सर्वांत विश्वासाचा मार्ग आहे.

तीन आवाज, तीन बैठका

तिन्ही एकाच बैठकीत करू नका. मोठ्या आवाजानंतर कान काही काळ बधिर असतात.

हळू आवाज म्हणजे बसायच्या जागी ए वेटिंगवर सरासरी ५५ डीबीच्या आसपास. दाट पेठेत रात्री दहानंतर ऐकायचं तर एवढंच शक्य असतं, आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डीबी आहेच. इथे डग्ग्याकडे लक्ष द्या. ठेक्यातला ‘धा’ आणि ‘ना’ वेगळे कळतात का, की सगळंच ‘ना’ झालं? तानपुऱ्याचा खर्ज उरला आहे का? या पातळीवर एलपीची सरसर गायब होते आणि डिजिटलचा शांततेचा फायदा जवळजवळ संपतो. ज्या मास्टरमध्ये मृदू भाग थोडे वर उचललेले आहेत, तेच इथे सुखाचं वाटतं. मोठ्या आवाजात कंटाळवाणी वाटलेली दाबलेली डिजिटल आवृत्ती रात्री चक्क बरी वाटू शकते. अँपचा व्हॉल्यूम अगदी खाली असताना डावी-उजवी बाजू असमान वाजते, विशेषतः जुन्या अँप्समध्ये. दोन्ही स्रोतांना तो दोष सारखाच लागतो, त्यामुळे गायक एका बाजूला सरकला तर त्याचं खापर एलपीवर फोडू नका.

मध्यम आवाज म्हणजे ७० डीबीच्या आसपास, बैठकीत गायक समोर बसून गातोय असं वाटेल एवढा. मी स्वतः मत बनवतो ते याच पातळीवर. इथे जवारी ऐका, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐका, सम आल्यावर आवाज किती उसळतो ते पाहा. तबकडीची पहिली पाच आणि शेवटची पाच मिनिटं दोन्ही ऐका. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सुरांना आत कमी जागा मिळते, म्हणून ‘स’ फुसफुसू लागतो. ख्यालाच्या बाबतीत हे दुर्दैवाचं आहे, कारण द्रुत बंदिश आणि तानांचा कळस नेमका तिथे येतो. या भागात मला डिजिटल नेहमीच सरस वाटलं आहे.

मोठा आवाज म्हणजे सरासरी ८० ते ८२ डीबी. शिखरं त्याच्या दहा-पंधरा डीबी वर जातात. दहा मिनिटं पुरेत. सरासरी ८५ डीबीला आठ तास ही कामाच्या ठिकाणची नायॉशची मर्यादा आहे आणि प्रत्येक ३ डीबी वाढीला वेळ निम्मा होतो. इथे कान सगळ्यात सपाट, म्हणजे सगळे सूर जास्तीत जास्त समान, ऐकतो, खर्ज पूर्ण भरतो, आणि दोन्हीकडचे दोषही उघडे पडतात. दाबलेला मास्टर इथे थकवतो, आवाज खाली करावासा वाटतो. एलपीची सरसर आलापाच्या मधल्या विरामांत डोकावते. स्पीकरच्या जाळ्या काढून वूफर (खर्ज वाजवणारा मोठा पडदा) पाहा. गाणं नसतानाही ते आतबाहेर हलत असतील तर ती वाकड्या तबकडीची किंवा टोनआर्मच्या (सुई धरणारा हात) अनुनादाची हालचाल आहे. ती ऐकू येत नाही, पण अँपची ताकद खाते.

स्पीकरचा आवाज सुईत शिरतोय का

मोठ्या आवाजातली एलपी ‘भरदार’ वाटते, त्यातला काही भाग तबकडीवर कोरलेला नसतोच. स्पीकरचा खर्ज हवेतून आणि फळ्यांतून टर्नटेबलला हलवतो, सुई ती हालचाल पुन्हा सिग्नल म्हणून पाठवते आणि खर्ज फुगतो. अनेकांना हा फुगवटा आवडतो. आवडू द्या, पण तो कुठून येतो हे माहीत असावं.

तपासायला तोच तुकडा दोनदा रेकॉर्ड करा, एकदा स्पीकर बंद ठेवून आणि एकदा मोठ्या आवाजात वाजत असताना. मग दोन्ही फाइली हेडफोनवर, समान पातळीवर ऐका. दुसरीत डग्गा सुस्त, लांबट आणि घोगरा वाटला तर टर्नटेबलची जागा बदलायला हवी. आणखी झटपट कसोटी म्हणजे मोटर बंद करून थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवा आणि व्हॉल्यूम अगदी हळूहळू वाढवा. नेहमीच्या ऐकण्याच्या खुणेपर्यंत पोचायच्या आधीच घूं असा आवाज सुरू झाला तर लगेच खाली आणा. एकाच पेटीत स्पीकर आणि टर्नटेबल असलेले सुटकेससारखे प्लेअर या कसोटीत टिकणं कठीणच.

न बघता ऐका

घरातल्या कुणाला तरी स्रोत बदलायला बसवा आणि तुम्ही पाठ करून बसा. प्रत्यक्ष एलपी लावली तर सुई टेकल्याचा आवाजच सगळं सांगून टाकतो, म्हणून आंधळ्या चाचणीसाठी एलपीची प्रत आणि कंपनीची फाइल वापरा. एलपी आणि तिची प्रत यांची चाचणी घ्यायची असेल तर तबकडी सतत फिरती ठेवा, प्रत तिच्याबरोबर एकाच वेळी सुरू करा आणि फक्त अँपचा सिलेक्टर फिरवा. वेगातल्या सूक्ष्म फरकामुळे दोन्ही एकमेकांपासून सरकत जातात, त्यामुळे तुकडे छोटे घ्या.

क्रम नाणं उडवून ठरवा. सोळा वेळा ओळखायचा प्रयत्न करा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर तो निव्वळ नशिबाचा खेळ असण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास उरते. नऊ-दहावर अडकलात तर त्या पातळीवर फरक तुम्हाला कळत नाही, असं वहीत लिहून टाका. तिन्ही आवाजांची नोंद वेगळी ठेवा. ‘कोणतं आवडलं’ आणि ‘ओळखता आलं का’ हे दोन रकानेही वेगळे करा.

नोंदी झाल्या की वर्षातला तुमचा बहुतेक वेळ ज्या पातळीवर जातो, तिच्या रकान्यावरून निर्णय घ्या. रोज रात्री हळू आवाजात ऐकणारा असाल तर आता लाउडनेसचं बटण चालू करा. कॉस्मिक, सोनोडाइन अशा जुन्या अँप्सवर ते असतं, आणि कानाने गमावलेला खर्ज भरून काढायलाच ते दिलेलं असतं. बटण नसेल तर बास तीन-चार डीबी वाढवा आणि सकाळी परत मधोमध आणा. मोठ्या आवाजात एलपीच ऐकायची असेल तर नवीन कार्ट्रिजवर पैसे घालण्याआधी भिंतीतली फळी आणि २० हर्ट्झखालचं कापणारा सबसॉनिक फिल्टर असलेला फोनो प्रीअँप घ्या. आणि डिजिटल निवडलंत तर जास्त बिटांची फाइल शोधण्यापेक्षा त्याच मुद्रणाची जुनी, कमी दाबलेली सीडी शोधण्यात वेळ घाला. ऐकू येणारा फरक तिथे आहे.